गेलेले श्रवण परत मिळेल का?

त्वचेवरील जखम भरून येते, मोडलेले हाड सांधते. पण कानातील काही पेशी एकदा नष्ट झाल्या की त्या पुन्हा उत्पन्न होत नाहीत. असे का होते, हे समजण्यासाठी आपण कसे ऐकतो ते प्रथम पाहिले पाहिजे.

ध्वनीची कंपने कानाच्या पडद्यावर आदळतात. पडद्यामागील तीन लहान हाडे ती आंतरकर्णात पोहोचवितात. तेथे गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी, द्रवाने भरलेली नलिका असते. तिच्यात ‘केशपेशी’ नावाच्या पेशींच्या ओळी असतात. या पेशींच्या टोकावर केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात. द्रव हलला की तंतू वाकतात, पेशीत विद्युत संदेश निर्माण होतो आणि श्रवणचेतेमार्फत तो मेंदूकडे जातो. मनुष्याच्या एका कानात अशा केवळ १५,००० च्या आसपास केशपेशी असतात. हे भांडवल जन्मभर पुरवावयाचे असते.

झाशी जिल्ह्यातील टहरौलीच्या खळ्यावरील मळणी यंत्र असो, की मुंबईच्या कारखान्यातील यंत्र, सतत कानी पडणारा मोठा आवाज या पेशींना दुबळे करतो. वाढते वय आणि स्ट्रेप्टोमायसिनसारखी काही औषधेही त्यांची हानी करू शकतात.

पक्ष्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. मोठ्या आवाजाने केशपेशी नष्ट झाल्यावर पक्ष्यांच्या कानात त्या नव्याने तयार होतात, असे १९८८ मध्ये कोंबडीच्या पिलांवर व लाव्या पक्ष्यांवर झालेल्या प्रयोगांतून दिसून आले. केशपेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या ‘आधारपेशी’ विभागतात किंवा स्वतःच केशपेशींचे रूप घेतात. ज्या पेशींपासून निरनिराळ्या प्रकारच्या पेशी घडू शकतात, त्यांना ‘मूलपेशी’ म्हणतात. पक्ष्यांच्या आधारपेशी काहीशा मूलपेशींप्रमाणे वागतात.

आधारपेशी आपल्या कानातही आहेत. मग त्या हे काम का करीत नाहीत? नवजात उंदरांच्या कानात ही क्षमता थोडीफार आढळते; परंतु ती लवकरच लोप पावते. प्रौढ उंदराच्या आंतरकर्णातील तोल सांभाळणाऱ्या भागात मूलपेशींसारख्या पेशी असल्याचे २००३ मध्ये दाखविण्यात आले. ऐकण्याच्या नलिकेतील निद्रिस्त आधारपेशींना औषधाने जागे करता येईल का, हा आता संशोधकांपुढील प्रश्न आहे. हे काम सोपे नाही. प्रयोगशाळेत आशादायक ठरलेले असे एक औषध माणसांवरील चाचणीत निष्प्रभ ठरले आणि २०२३ मध्ये त्याचे काम थांबविण्यात आले. शिवाय नवी पेशी निर्माण होणे पुरेसे नाही. ती योग्य जागी बसून श्रवणचेतेशी जोडली गेली पाहिजे.

म्हणून ‘मूलपेशींनी बहिरेपणा हमखास बरा करू’ अशा जाहिरातींना भुलू नये. नष्ट झालेल्या केशपेशी परत आणणारे मान्यताप्राप्त औषध अद्याप उपलब्ध नाही.

याचा अर्थ उपाय नाहीत, असा नव्हे. श्रवणयंत्र आवाज मोठा करून उरलेल्या केशपेशींना साहाय्य करते. केशपेशी जवळजवळ नसतील, तर शस्त्रक्रियेने बसविलेले कॉक्लिअर इम्प्लांट हे उपकरण श्रवणचेतेला थेट संदेश देते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाक् व श्रवणदोषांच्या क्षेत्रात तपासणी, उपचार व प्रशिक्षणाचे कार्य करते. बालकाची तपासणी जितक्या लवकर होईल, तितके त्याला भाषा शिकणे सुकर होते.

संशोधन यशस्वी होईल तेव्हा होवो. आज आपल्या हाती जपणूक आहे. गोंगाटात काम करताना कानांत बोळे किंवा कानांवर संरक्षक टोपणे घालावीत, मधूनमधून शांत जागी विसावा घ्यावा. ऐकू कमी येऊ लागले, तर ते लपवू नये. डॉक्टरांकडून कान तपासून घ्यावेत. निसर्गाने एकदाच दिलेले हे धन काळजीपूर्वक सांभाळणे, यातच शहाणपण आहे.