भीतीत जगणाऱ्यांसाठी विहाराचे दार

भंडारा रोडहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले की गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव आणि मग दुर्ग येते. त्याच दुर्ग स्टेशनवर २५ जुलै २०२५ रोजी दोन कॅथोलिक सिस्टर्स आणि त्यांच्यासोबतचा एक आदिवासी तरुण यांना अटक झाली. नारायणपूरकडच्या तीन तरुणी त्यांच्यासोबत कामासाठी आग्र्याला निघाल्या होत्या. बजरंग दलाच्या कार्यकर्त्यांच्या तक्रारीवरून मानवी तस्करी व धर्मांतराचा गुन्हा नोंदवला गेला. मुली आमच्या संमतीनेच गेल्या, असे घरच्यांनी सांगितले. २ ऑगस्टला बिलासपूरच्या एनआयए न्यायालयाने जामीन दिला.

ही बातमी आपल्या लाखनी-साकोलीच्या ग्रुपवरही फिरली. ‘मिशनरी असेच असतात’ असे लिहिणारे आपलेच बांधव होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्यांच्या आजी-आजोबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, त्यांनी ‘धर्मांतर’ हा शब्द शिवीसारखा वापरावा, हे आम्हाला खटकले. म्हणून चर्चची माणसे स्थलांतरित कुटुंबांसोबत नेमके काय करतात, ते इथे मांडत आहोत. चर्चशी आपले मतभेद आहेत. चर्चमधली जात दलित ख्रिश्चनांना विचारा, ते सांगतील. पण तो आजचा विषय नाही.

कॅथोलिक लोक या कामाला पाळकीय सेवा म्हणतात. पाळक म्हणजे कळप राखणारा. रविवारचे प्रवचन हा त्यातला लहान भाग. कोण आजारी आहे, कोणाचा नवरा कोठडीत आहे, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे माहीत असणे आणि तिथे जाऊन बसणे, हा मोठा भाग.

आपल्या राज्यातले उदाहरण घरकामगारांचे आहे. १९६३ साली बेल्जियमहून भारतात आलेल्या सिस्टर जीन देवोस यांनी १९८५ मध्ये घरकामगारांचे संघटन सुरू केले. राष्ट्रीय घरकामगार चळवळ म्हणून ते वाढले आणि मुंबई त्याचे मोठे केंद्र झाले. झारखंड-छत्तीसगडहून महानगरात आलेल्या मुलीला भाषा येत नाही, पगार मालकिणीकडे अडकलेला, आणि तोंड उघडले तर चोरीचा आळ येण्याची भीती. अशा मुलीला आधी कोणीतरी ओळखीचे लागते, कायदा नंतर. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये आला. घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार २०११ मध्ये झाला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

सध्या या सेवेची कसोटी अमेरिकेत लागते आहे. चर्च, शाळा, दवाखाने इथे स्थलांतरितांना सहसा पकडायचे नाही, हा जुना नियम जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने काढून टाकला. लोक चर्चला यायलाही घाबरू लागले. कॅथोलिकांमध्ये रविवारची मिस्सा जाणूनबुजून चुकवणे पाप मानतात. तरीही ८ जुलैला कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनोचे बिशप अल्बर्टो रोहास यांनी लेखी जाहीर केले की, ज्यांना पकडले जाण्याची खरी भीती आहे त्यांच्यावर हे बंधन नाही. धर्माचा नियम माणसासाठी बाजूला ठेवला गेला. आपल्याकडे वंदनेला न येणाऱ्याला फक्त दंडाची पावती मिळते!

सॅन डिएगोचे बिशप मायकल फाम स्वतः व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून आलेले. २० जून २०२५ ला, जागतिक निर्वासित दिनी, ते इतर धर्मगुरूंसह स्थलांतरितांच्या न्यायालयात गेले. पुढे स्वयंसेवकांची पाळी लावून हे काम नियमित झाले. हे लोक वकिली करत नाहीत. तारखेला आलेल्या माणसाजवळ उभे राहतात, पकडले तर घरी कळवतात. साक्षीदार असला की वर्दीतला माणूसही जपून वागतो, हे आपल्याला ॲट्रॉसिटीच्या केसेसमधून ठाऊक आहे.

आता आपल्याकडे. मुंबई परिसरातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना जून २०२५ मध्ये बांगलादेशी ठरवून सीमेपार ढकलले गेले आणि नंतर परत आणावे लागले. गेल्या पावसाळ्यात आपल्याच तालुक्यातील एका गावी मच्छरदाण्या विकणारे बंगाली बोलणारे कुटुंब रात्री विहाराच्या व्हरांड्यात थांबायला आले. समितीच्या एकाने आधार मागितले. त्यांनी दिले. पत्ता मुर्शिदाबादचा. ‘हे बांगलादेशी’ म्हणून त्यांना उठवले. दोन लेकरांसह ते प्रवासी निवाऱ्यात झोपले. आम्हाला सकाळी कळले, आणि तोवर ते निघून गेले होते. समितीतल्या माणसांचे नंबर आमच्याकडे होते, पण अशा वेळी कोणाला फोन करायचा हे गावात कोणालाच सांगून ठेवलेले नव्हते. ती चूक आमची.

निर्वासित हा शब्द बौद्धांना परका नाही. गोंदिया जिल्ह्यातील नॉरग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आपल्या शेजारी आहे. कप्ताई धरणाने उठवलेले चकमा लोक बौद्धच. त्यांना अरुणाचलातून हुसकावण्याच्या धमक्या आल्या तेव्हा ९ जानेवारी १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नागरिक असो वा नसो, प्रत्येक व्यक्तीच्या जीविताचे रक्षण राज्याने केलेच पाहिजे. बाबासाहेबांच्या संविधानात कलम २१ मध्ये शब्द ‘नागरिक’ नाही, ‘व्यक्ती’ आहे.

कार्यकर्त्यांनी एवढे पाठ ठेवावे. अटक झालेल्याला २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावे लागते आणि त्याला आपल्या पसंतीचा वकील भेटू द्यावा लागतो, हे कलम २२. कोठडीतील व्यक्ती, महिला, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींना १९८७ च्या विधी सेवा कायद्याने मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा किंवा १५१०० वर फोन लावायचा. परप्रांतीय कुटुंब आले तर त्यांच्या गावाकडचा एक नंबर लिहून घ्यावा. कागद तपासणे हे विहार समितीचे काम नाही.

त्या गावच्या समितीशी आम्ही बोललो. व्हरांड्याचा दिवा रात्री सुरू ठेवायला ते तयार आहेत, मुक्कामाला नाहीत. येत्या पौर्णिमेच्या बैठकीत विषय पुन्हा ठेवला आहे.