ख्रिस्ती मातेची लक्षणे

पतीच्या धर्मांतराने व्याकूळ झालेल्या लक्ष्मीबाई टिळक पंढरपुरात आपल्या पुत्रासह मुक्कामास होत्या. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली, आणि तोही कोणाच्या हुकुमाने नव्हे, तर स्वतःच्या अंतःकरणाची खात्री पटल्यावर.

स्वतः पारखून घेतलेली श्रद्धा हे ख्रिस्ती मातेचे पहिले लक्षण होय. तीमथ्याची आई युनीके व आजी लोईस यांच्या निष्कपट विश्वासाचा पौलाने पत्रात आवर्जून निर्देश केला आहे. हन्नेने तर नवसाने लाभलेला शमुवेल देवाच्या सेवेस वाहिला. नीतिसूत्रांच्या ३१व्या अध्यायातली सद्गुणी स्त्री, जिचे वर्णन लमुएल राजाच्या मातेच्या उपदेशाला जोडून येते, रात्र सरण्यापूर्वी उठून घरच्यांच्या अन्नाची तरतूद करते, हे उपदेशक रंगवून सांगतात. ती कंगालांनाही हात देते, हे मात्र घाईने उरकतात. लक्ष्मीबाईंच्या घरी परक्यांच्या पोरक्या लेकरांनाही आसरा मिळाला, आणि सोवळ्याओवळ्याचे जुने बंधन त्यांनी विचारांती टाकले.

मातेने निर्दोष असावे, ही अपेक्षा मला अवास्तव वाटते: १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी आपला राग, रुसवे आणि पतीशी झालेले तंटे यांची कबुली हसतहसत दिली आहे.