बोलीतली पाटी आणि चोख माल
दापोलीच्या लघुउद्योगांनी आपली ओळख कशी घडवावी?

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातील दापोली तालुक्यात शेती, बागायती आणि मासेमारी यांच्या जोडीला दोन व्यवसायांनी चांगले मूळ धरले आहे. आंबा, कोकम, फणस, काजू यांच्यावर प्रक्रिया करून टिकाऊ पदार्थ तयार करणे हा एक. आणि मुरुड, कर्दे, लाडघर, आंजर्ले, केळशी या किनाऱ्यावरील गावांत पर्यटकांच्या राहण्याजेवणाची सोय करणे हा दुसरा. हे व्यवसाय बहुधा एखाद्या कुटुंबाच्या अथवा महिला बचत गटाच्या हातचे असतात. जाहिरातीसाठी वेगळा पैसा त्यांच्यापाशी नसतो. दुकानावरील पाटी, बाटलीवरील चिठ्ठी आणि गिऱ्हाइकाशी होणारे बोलणे, एवढीच त्यांची जाहिरात. ती कोणत्या भाषेत आणि कोणत्या ढंगाने असावी, हा प्रश्न त्यामुळे थेट त्यांच्या उत्पन्नाशी निगडित आहे.

अनुकरणाचा तोटा

लहान उद्योजकाचा पहिला कल मोठ्या कंपनीचे अनुकरण करण्याकडे असतो. तेच चकचकीत वेष्टन, तेच ‘सर्वोत्कृष्ट’ आणि ‘दर्जेदार’ हे शब्द, तेच इंग्रजी नाव. मोठी कंपनी जाहिरातीवर सतत खर्च करून अगदी साधे नावही घरोघर पोहोचवू शकते. बचत गटाला ते शक्य नसते. परिणामी एकाच फळीवर कोकम सरबताच्या दहा बाटल्या मांडल्या, तर कोणती कोणाची हे सांगता येत नाही आणि गिऱ्हाईक केवळ किमतीकडे पाहून निवड करते. किमतीच्या या चढाओढीत लहान उत्पादकाचे नुकसान ठरलेले असते.

याउलट आपलेपणाची, थोडी खेळकर, रूढ साच्यात न बसणारी भाषा वापरण्यास काहीच खर्च लागत नाही. माल कोणाच्या हातचा आहे हे तिच्यातून कळते. जो माणूस समोर उभा राहून बोलतो, त्यालाच ती शोभते. मोठ्या कंपनीला हे साधणे अवघड जाते, आणि लहान उद्योगाचे बळ नेमके येथेच आहे.

महाराष्ट्रातील दाखले

हा मार्ग मराठी मुलखाला नवा नाही. पुण्याचे काका हलवाई, दादरचे मामा काणे यांसारख्या नावांत दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यातील नातेच बोलते. १९५९ मध्ये मुंबईच्या गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. त्यांच्या पापडास १९६२ मध्ये ‘लिज्जत’ हे नाव मिळाले. चव असा अर्थ सुचविणारा हा बोलीतला एकच शब्द पुढे देशभर पोहोचला. सहकारी क्षेत्रातील ‘अमूल’ने १९६६ पासून ठिपक्यांचा फ्रॉक घातलेली खट्याळ मुलगी आणि चालू घडामोडींवरील कोट्या यांचा आधार घेऊन लोण्यासारखी नित्याची वस्तू लोकांच्या बोलण्यात आणली.

पुणेरी पाट्यांची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिरकस, तुटक आणि स्पष्ट बोलणाऱ्या या पाट्या चेष्टेचा विषय झाल्या, तशाच त्या त्या दुकानांची ओळखही झाल्या. चितळे बंधू मिठाईवाले यांचे दुकान दुपारी एक ते चार बंद राहत असे. या शिरस्त्यावर असंख्य विनोद झाले. तथापि बाकरवडीसाठीची रांग कमी झाली नाही. पुढे २०१७ मध्ये दुकान दुपारीही उघडे ठेवण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्याची बातमी झाली. मालाचा दर्जा एकसारखा राहिला म्हणूनच गिऱ्हाइकाने ही तऱ्हा कौतुकाने सोसली, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. माल सुमार असता, तर त्याच तऱ्हेला लोकांनी उद्धटपणा म्हटले असते.

बोली आपली असावी

दापोली परिसरात याचा विचार करताना एक चूक टाळली पाहिजे. कोकण म्हटले की पाटीवर ‘येवा’ लिहिण्याची प्रथा पडली आहे. वास्तविक हा शब्द सिंधुदुर्गाकडील मालवणी बोलीतला होय. उत्तर रत्नागिरीत बाणकोटी आणि संगमेश्वरी या बोली प्रचलित आहेत. दापोलीच्या माणसाने मालवणीची उसनवारी केली, तर ते अनुकरणच ठरते. आपल्या घरात, वाडीत, हर्णै बंदरावरील मासळीच्या लिलावात जे शब्द ऐकू येतात, तेच पाटीवर शोभून दिसतील.

पदार्थांची मूळ नावेही टिकवावीत. आगळ, आमसूल, अमृत कोकम, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचे पीठ ही नावे स्वतःच आकर्षक आहेत. मात्र मुंबई-पुण्याच्या पाहुण्यास आगळ आणि अमृत कोकम यांतील भेद ठाऊक असेलच असे नाही. आगळ म्हणजे मीठ घातलेला रस, सोलकढीसाठी उपयोगी. अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक, पाणी घालून पिण्यासाठी. घरातील वडीलधारी बाई समजावून सांगेल, अशा दोन वाक्यांत हे चिठ्ठीवर लिहिले, तर माहिती आणि जिव्हाळा दोन्ही साधतात.

मोकळेपणाची मर्यादा

शब्दांची मोकळीक असली, तरी कायद्याने ठरविलेल्या मजकुरात सूट नाही. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, घटक पदार्थ, निव्वळ वजन, किंमत, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक असणे आवश्यक आहे. हा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावा लागतो; मराठी मजकूर त्याच्या जोडीला देता येतो. ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘ताजे’, ‘पारंपरिक’ या शब्दांच्या वापरास २०१८ च्या विनियमांनी अटी घातल्या आहेत. कारखान्यात यंत्रावर तयार झालेला माल ‘घरी केलेला’ म्हणून विकणे ही तर गिऱ्हाइकाची दिशाभूल होय.

‘हापूस’ या नावालाही २०१८ पासून भौगोलिक मानांकनाचे संरक्षण आहे. ते मिळविणाऱ्या संस्थांत दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि केळशी परिसरातील आंबा उत्पादकांचा सहकारी संघ यांचा समावेश होता. हे नाव मालावर वापरू इच्छिणाऱ्या बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी.

वेगळ्या नावाचा आणखी एक लाभ आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार केवळ मालाचे वर्णन करणारे अथवा गावाचा निर्देश करणारे नाव सहसा नोंदले जात नाही. ‘दापोली कोकम सरबत’ हे नाव कोणीही घेऊ शकेल. घरातील एखादे लाडके टोपणनाव किंवा वाडीतला एखादा चमत्कारिक शब्द आधी कोणी नोंदलेला नसेल, तर त्यास दहा वर्षांचे संरक्षण मिळू शकते आणि पुढे त्याचे नूतनीकरणही करता येते. दुकानाच्या पाटीविषयी २०२२ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे की, मराठी देवनागरी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांहून लहान असता कामा नयेत. बोलीतील पाटीला ही तरतूद पोषकच आहे.

गावपातळीवरील कार्य

१९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठामुळे फळप्रक्रियेचे शास्त्रीय ज्ञान दापोलीस घरच्या घरी उपलब्ध आहे. मालाचा दर्जा तेथून शिकता येईल. मालाची भाषा मात्र गावानेच घडवावयाची आहे. ग्रामपंचायत सदस्यांनी बचत गटांच्या बैठकीत एकेका चिठ्ठीचे मोठ्याने वाचन करवून घ्यावे. जे वाक्य तोंडी बोलताना अवघडल्यासारखे वाटेल, ते काढून टाकावे. शिक्षकांनी शुद्धलेखन तपासावे, पण बोलीतले शब्द प्रमाण भाषेच्या नावाखाली खोडू नयेत. विस्तार अधिकाऱ्यांनी सक्तीचा मजकूर पुरा आहे की नाही हे पाहावे. या तिघांचे साहाय्य लाभले, तर दापोलीची बाटली फळीवर गर्दीत हरवणार नाही आणि तिच्या मोलाचा योग्य वाटा ती भरणाऱ्या हातांना मिळेल.