शिस्त कोणासाठी?

इंदूरहून महूकडे जाताना राऊ हे गाव लागते. एके काळी होळकरांच्या राज्यात असलेल्या त्या गावाशी गोमंतकीयांना काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु राऊचा शिपाई आणि पणजीचा शिपाई आजही एकाच कायद्याने बांधलेले आहेत. तो कायदा १८६१ चा. सत्तावनच्या उठावाने हादरलेल्या इंग्रजांनी तो केला, तेव्हा राऊ संस्थानात होते आणि गोवा पोर्तुगिजांकडे. इंग्रज गेले, पोर्तुगीजही गेले; परंतु इंग्रजांचा कायदा मात्र स्वतंत्र भारताने दोन्हीकडे आणून बसवला, ही इतिहासाची थट्टाच म्हटली पाहिजे.

या कायद्याचे सातवे कलम पाहावे. कामात कुचराई करणाऱ्या शिपायाला एक महिन्याच्या पगारापर्यंत दंड, पंधरा दिवसांपर्यंत बराकीत कोंडून ठेवणे, शिक्षेची कवायत, जादा पहारा असे उपाय त्यात आहेत. वरिष्ठांची मर्जी खप्पा झाली की शिपायावर ते तत्काळ चालतात. एकोणतिसाव्या कलमात, ताब्यातील माणसावर विनाकारण हात टाकणाऱ्या पोलिसाला तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. म्हणजे कोठडीतील मारहाण हा गुन्हा आहे, हे इंग्रजांनाही मान्य होते! परंतु मार खाल्लेल्याने दाद मागावी कोठे? ज्या ठाण्यात मार बसला, त्याच ठाण्याच्या वरिष्ठांकडे.

सर्वोच्च न्यायालयाने हे व्यंग ओळखले. १९९६ साली डी. के. बसू खटल्यात अटकेसंबंधी अकरा नियम घालून दिले. २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग खटल्यात राज्य व जिल्हा पातळीवर निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणे नेमण्याचा आदेश दिला आणि त्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक असाव्यात, असेही बजावले. गोव्यात असे प्राधिकरण आले. परंतु प्राधिकरणाने शिफारस करावी आणि सचिवालयाने ती फायलीत ठेवावी, एवढ्याने न्याय होत नसतो.

इंदुरात ९ डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्त पद्धत सुरू झाली आणि पूर्वी दंडाधिकाऱ्यांकडे असलेले काही अधिकार पोलिसांकडे आले. अधिकार वाढविण्यास एक अधिसूचना पुरते. जबाबदारी वाढविण्यास मात्र सरकारांना नवा कायदा करण्याची सवड मिळत नाही.

पोलिसांची बाजूही आम्ही विसरत नाही. चौकशीवाचून बडतर्फी नको, हे घटनेच्या ३११ व्या कलमाचे संरक्षण त्यांनाही हवेच. १९६६ च्या कायद्याने त्यांचे संघटनेचे स्वातंत्र्य आवळले आहे, आणि दबलेला असंतोष कसा फुटतो, हे ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईने पाहिले. ज्या शिपायाला स्वतःलाच निःपक्ष न्याय मिळत नाही, तो दारी आलेल्या गरिबाला तो कोठून देणार?

म्हणूनच मागणी एवढीच आहे: १८६१ चा कायदा मोडीत काढून नवा करावा, त्यात शिपायाला निःपक्ष चौकशी आणि नागरिकाला स्वतंत्र, बंधनकारक दाद या दोहोंची हमी असावी. शिस्त म्हणजे वरिष्ठाला ठोकलेला सलाम नव्हे. रात्री ठाण्याची पायरी चढणाऱ्या निराधार माणसाला भय वाटू नये, हीच तिची खरी कसोटी होय.