एका नगाची ऑर्डर

सकाळी ६:३०

सूर लावायचं काम मी दिवसाच्या सुरुवातीलाच घेतो. आठ वाजले की चिंचवडच्या रस्त्यांवर कंपन्यांच्या बस सुरू होतात आणि मग दोन सुरांमधली बारीक लहर कानाला धरता येत नाही.

आज टेबलावर एका हौशी नाट्यसंस्थेचा ऑर्गन आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरो गावचा, एस्टे कंपनीचा. या कंपनीने ५ लाखांहून जास्त ऑर्गन बनवले आणि १९६० च्या सुमारास कारखाना बंद केला. आपल्याकडे संगीत रंगभूमीने असे ऑर्गन आपलेसे केले. बालगंधर्वांच्या काळापासून नाट्यपदामागे ऑर्गनचा तो भरलेला आवाज हवाच, असं ठरून गेलं. कंपनी गेली तरी नाट्यपदं राहिली, आणि ती गाणाऱ्यांना हा ऑर्गन वाजता हवा आहे.

याच्या मधल्या सप्तकातल्या एका सुराची, म्हणजे रीडची, जीभ तुटली आहे. पेटीचा तयार सूर इथे बसत नाही. पेटीत सूर लाकडावर स्क्रूने आवळलेला असतो आणि भाता त्यातून हवा ढकलतो. अमेरिकन ऑर्गनमध्ये पायाखालचे भाते हवा ओढून घेतात आणि प्रत्येक सूर आपापल्या खाचेत सरकवलेला असतो. तो बारीक आकड्याने ओढून काढावा लागतो. म्हणून जुनी पितळी चौकट तशीच ठेवायची आणि तिच्यावर नवी जीभ रिव्हेट करायची. तिचं पितळ मी पेटीच्या खर्जाच्या मोठ्या सुरांमधून कापून घेतो. हे सूर गुजरातेतल्या पालिताण्याहून येतात. पेटीचे सूर बनवणारं ते नावाजलेलं गाव.

जीभ टोकाकडे घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. घासताना पितळ तापतं आणि सूर किंचित खाली बोलतो, म्हणून दोन-चार ओढींनंतर थांबायचं, जीभ गार होऊ द्यायची आणि मग शेजारच्या सुराबरोबर ऐकायचं. गेलेलं पितळ परत येत नाही.

सकाळी ९

दुकान उघडलं की फोन सुरू होतात. पहिला आळंदीहून, कीर्तन-भजनाचं शिक्षण घेणाऱ्या एका मुलाचा. "माऊली, कॅसिओ चालूच होत नाही. पार्ट मिळेल का?"

मी आधी दोन फोटो मागतो, एक कीबोर्डच्या पाठीवरच्या लेबलचा आणि दुसरा अॅडॉप्टरचा. निम्म्या वेळा दुखणं तिथेच सापडतं. जुन्या कॅसिओच्या ९ व्होल्टच्या अॅडॉप्टरमध्ये पिनच्या मधल्या टोकाला ऋण असतं, नंतरच्या साडेनऊ व्होल्टवाल्यात मधे धन. रोलंडच्या जुन्या ऑक्टापॅडला मधे ऋण लागतं, यामाहाच्या १२ व्होल्टच्या कीबोर्डला मधे धन. मूळ अॅडॉप्टर हरवला की लोक दुकानात जाऊन नुसतं "नऊ व्होल्टचा द्या" म्हणतात. पिन नेमकी बसते आणि वीज उलटी शिरते. लेबलवर गोल आणि टिंबाची ती छोटी आकृती असते, ती बघून घ्या एवढं मी प्रत्येकाला सांगतो.

आळंदीच्या या मुलाच्या कीबोर्डचं तेच झालं आहे. सुदैवाने पहिला मार संरक्षक डायोड खातो, आणि डायोड पुण्यात तपकीर गल्लीत आजही मिळतो. मशीनचं उत्पादन बंद झालं म्हणजे त्यातला प्रत्येक भाग बंद झाला असं होत नाही. कुठला भाग बाजारात आहे, कुठला दुसऱ्या मशीनमधून निघेल आणि कुठला बनवून घ्यावा लागेल, या तीन ढिगांत वाटणी करणं हेच माझं सकाळचं मुख्य काम.

सकाळी १०

दुसऱ्या ढिगातलं काम: यामाहाचा, उत्पादन थांबलेला एक कीबोर्ड. चार पट्ट्या मुक्या आणि दोन पट्ट्या हळू दाबल्या तरी जोरातच वाजतात. पट्टीखाली रबराची टोपी असते, टोपीत कार्बनच्या दोन गोळ्या. एक आधी टेकते, दुसरी क्षणभर नंतर. त्या दोहोंमधल्या वेळावरून बोट किती जोरात पडलं ते मशीनला कळतं. गोळीवर धूळ बसली तर स्पिरिटने पुसून भागतं, रबर चिरलं तर रबराची पट्टीच बदलावी लागते.

इथे मॉडेलचं नाव घेऊन शोधणारा माणूस दमतो. मी सर्व्हिस मॅन्युअल उघडून रबराचा पार्ट नंबर काढतो आणि तोच नंबर कंपनीच्या आणखी कुठल्या कीबोर्डांत आहे ते पाहतो. बरेचदा एकच रबर अनेक मॉडेलांत असतं आणि त्यातलं एखादं अजून विकत मिळत असतं. इटलीतली फातार कंपनी तर पट्ट्यांचा सबंध संचच वेगवेगळ्या कंपन्यांना पुरवते. बाहेरची नावं निराळी, आतला संच एकच.

खोलताना जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हरच घ्यायचा. जपानी स्क्रूची फुली आपल्या नेहमीच्या फुलीपेक्षा वेगळी असते. नेहमीचा स्क्रूड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि डोकं गोल करून टाकतो. जपानी वाहन कंपन्यांचं काम करणाऱ्यांकडे ही हत्यारं असतात, त्यामुळे आमच्या भागात ती सहज मिळतात.

दुपारी १२

भोसरी एमआयडीसी. आज बुधवार आहे आणि गुरुवारी इथली सुट्टी, म्हणून आजच गाठायला हवं.

ऑर्गनच्या झडपांच्या तीन स्प्रिंगा गंजून तुटल्या आहेत. हा तिसरा ढीग: बाजारात नाही, दुसऱ्या मशीनमध्येही नाही. स्प्रिंगवाल्यांच्या शेडमध्ये दुचाकीच्या ब्रेकसाठी लागणाऱ्या स्प्रिंगा हजारांनी पडत असतात. मी जुनी, न तुटलेली स्प्रिंग आणि एक कागद पुढे ठेवतो. कागदावर तारेची जाडी, वेटोळ्याचा बाहेरचा व्यास, वेढे किती, दोन पायांची लांबी आणि त्यांच्यातला कोन. सगळ्यात खाली, झडप उघडायला पट्टीवर किती ग्रॅम वजन ठेवावं लागतं ते. हा शेवटचा आकडा चुकला तर एक पट्टी बोटाला जड लागते आणि वाजवणाऱ्याचा हात अडखळतो.

"किती नग?" मालक विचारतात.

"तीन हवेत दादा. सहा करा, तीन राखीव."

ऑर्डर मोठी नाही हे त्यांनाही दिसतं. पण मशीनची सेटिंग बदलताना मधे थोडा वेळ असतो आणि त्यात माझं काम बसतं. ते तार निवडतात, पहिला नग काढतात, व्हर्नियर लावतात आणि मान हलवून पुन्हा वेढा सैल करतात. पैसे विचारले तर तारेचे तेवढे घेतात. मी मजुरीही देतो, कारण हे काम फुकटात होतं असा समज झाला तर ते टिकणार नाही.

पलीकडच्या गाळ्यात रबर मोल्डिंग. तिथे ऑक्टापॅडचा फाटलेला रबरी पॅड दाखवायचा आहे. रबराचा कडकपणा शोअर मीटरवर मोजतात. जुनं रबर वयाने कडक झालेलं असतं, म्हणून मीटर दाखवतो त्यापेक्षा थोडं मऊ घ्यायचं, नाहीतर काठी उसळते आणि वाजवणाऱ्याची मनगटं दुखतात. नवी डाय करणं एका पॅडसाठी परवडत नाही. जाड शीटमधून कापून, कडा घासून भागवायचं.

भोसरीतल्या हातांकडे बघताना मला मिरज आठवते. तिथली सतार-तंबोऱ्याची कारागिरी शिकलगारांच्या घरांतून उभी राहिली. शिकलगार म्हणजे तलवारी-शस्त्रांचं काम करणारे. शस्त्रांची मागणी घटली तशी एकोणिसाव्या शतकात त्यांचे हात भोपळ्याकडे आणि तारांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. धातू ओळखणारा हात वाद्याच्या उपयोगी पडतोच, फक्त वाद्य कुणीतरी त्याच्यापर्यंत न्यायला हवं.

दुपारी २:३०

चिखलीतली कुदळवाडी. पूर्वी इथे भंगाराच्या गोदामांतून मोडके कीबोर्ड, अॅम्प्लिफायर, कॅसेट डेक निघायचे. २०२५ च्या फेब्रुवारीत झालेल्या मोठ्या अतिक्रमणविरोधी कारवाईत इथली हजारो बांधकामं आणि शेड पाडली गेली. आगी आणि प्रदूषण हे इथले जुने प्रश्न होते. आता व्यापारी विखुरले आहेत, काही मोशीकडे, काही आणखी पुढे.

माझ्या कामावर याचा परिणाम असा, की मशीन भंगारात पोचण्याआधीच ते मिळवावं लागतं. म्हणून शाळा, मंडळं, बँडवाले यांना मी सांगून ठेवलं आहे: बिघडलेलं मशीन किलोवर देऊ नका. एका मेलेल्या कीबोर्डमधून पट्ट्या, स्लायडरच्या टोप्या, स्पीकर, डिस्प्ले आणि ट्रान्सफॉर्मर निघतो. तेवढ्यात दुसरे तीन कीबोर्ड उभे राहतात.

दुपारी ४:३०

चाकण. तळेगाव चौकातली कोंडी ओलांडून पोचेपर्यंत पहिली पाळी सुटलेली असते. वाहनांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत डिझाइनचं काम करणारा एक तरुण माझी वाट पाहतो. तो गणपतीत मंडळात ऑक्टापॅड वाजवतो आणि घरी त्याचा थ्रीडी प्रिंटर आहे. आज त्याच्यासाठी रोलंडच्या एका जुन्या सिंथेसायझरची तुटलेली बटणं आणली आहेत.

"काका, मागच्या वेळच्या बटणाचा खिळा का मोडला ते कळलं," तो म्हणतो. "थर आडवे पडले होते. या वेळी बटण निजवून छापतो, म्हणजे जोर थरांच्या लांबीवर येईल."

आम्ही चहा घेता घेता चिपवर बोलतो. २०२१ मध्ये चिपच्या तुटवड्यामुळे देशातल्या वाहन कंपन्यांना उत्पादन कमी करावं लागलं. वाद्यांच्या जगात हे फार आधी घडलं आहे. रोलंडचं टीआर-८०८ हे ताल-यंत्र १९८० मध्ये आलं. त्याच्या झांजेसारख्या सळसळत्या आवाजात मुद्दाम निवडून घेतलेल्या सदोष ट्रान्झिस्टरांचा वाटा होता. ट्रान्झिस्टर सुधारत गेले, तसे सदोष मिळेनासे झाले आणि १९८३ मध्ये उत्पादन थांबलं. तोवर सुमारे १२ हजार यंत्रं बनली होती. त्यातलंच एक घेऊन मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा रागांचा अल्बम केला, आणि आज जगभरचे संगीतकार तो शोधून ऐकतात. एवढ्या मोठ्या आवाजाचं आयुष्य एका चिमुकल्या भागावर टांगलेलं होतं, हे त्या मुलाला सांगताना मला माझ्या कामाचं वजन कळतं.

संध्याकाळी ७:३०

दुकानात ऑक्टापॅडवाला आला आहे. रोलंडचा एसपीडी-२०, अनेक ऑर्केस्ट्रांचा आणि मंडळांचा जुना सोबती. नव्या यंत्रात आवाज जास्त आहेत हे तो जाणतो. पण ढोलकी, संबळ, हलगीचे त्याने स्वतः बसवलेले आवाज यात आहेत आणि त्याचे हात या पॅडांना सरावले आहेत. कापून आणलेलं रबर बसवतो आणि प्रत्येक पॅडवर हळू, मध्यम, जोरात काठी मारून बघतो. शेजारचा पॅड आपोआप वाजत नाही ना, हेही पाहतो. मग तो स्वतः वाजवून बघतो आणि मान डोलावतो.

रात्री ९:३०

शेवटचा तास वहीचा. आज बनवलेल्या प्रत्येक भागाचं माप, साहित्य, कुणाच्या गाळ्यात झाला आणि काय जमलं नाही, हे लिहून काढतो. स्प्रिंगच्या कागदाच्या दोन प्रती केल्या. एक नाट्यसंस्थेच्या फाइलसाठी, दुसरी ऑर्गनच्या मागच्या फळीवर आतून चिकटवण्यासाठी. पुढे कधीतरी दुसरा कारागीर ही फळी उघडेल तेव्हा त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागू नये.

भोसरी-चाकणच्या या औद्योगिक पट्ट्यात एकाच मापाचे लाखो भाग रोज बनतात. त्याच यंत्रांवर, त्याच हातांनी एक नगही बनू शकतो, मात्र कुणीतरी माप नेऊन दिलं पाहिजे. म्हणून ज्यांच्या घरी, मंडळात, शाळेत एखादं जुनं वाद्य आहे त्यांना माझी विनंती आहे. त्याचा अॅडॉप्टर त्याच्याबरोबरच ठेवा, लेबल पुसू देऊ नका, तुटलेला तुकडा टाकू नका. तो तुकडा हातात असेल तर माप घेता येतं, आणि माप असेल तर भोसरीत तो भाग बनवून मिळतो.