शरणागताचें म्हणणें कोणीं ऐकावें?

परदेशांतून आश्रय मागावयास आलेल्या मनुष्याचा अर्ज अधिकाऱ्यानें फेटाळला, तर त्या अधिकाऱ्याचा निर्णय तपासावयाचा कोणीं? या प्रश्नाचा कॅनडांत १९८५ सालीं जो खल झाला, तो आमच्या वाचकांनीं समजून घेण्याजोगा आहे. त्यांतील सात अर्जदारांपैकीं बहुतेक शीख होते.

त्या काळची तेथील रीत अशी: अर्जदाराची शपथेवर जबानी घ्यावयाची, ती उतरून एका सल्लागार समितीकडे पाठवावयाची, आणि समितीनें मंत्र्यांस सल्ला द्यावयाचा. समितीनें त्या मनुष्याचें तोंडही पाहावयाचें नाहीं! कोणत्या माहितीवरून आपला अर्ज फेटाळला, हें त्याला कळत नसे. वर फेरविचाराचें मंडळ होतें खरें. परंतु अर्ज यशस्वी होण्याचाच संभव अधिक, असें कागदांवरून दिसल्यावांचून तें तोंडी सुनावणी देत नसे. म्हणजे ज्या माहितीचें खंडन करावयाचें ती हातीं न देतांच खंडन करून दाखवा, असा हा न्याय.

४ एप्रिल १९८५ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या सहाही न्यायमूर्तींनीं ही रीत सदोष ठरविली. तिघांनीं १९६० च्या हक्कांच्या कायद्याचा आधार घेतला; न्यायमूर्ति बर्था विल्सन व त्यांचे दोन सहकारी यांनीं १९८२ च्या हक्कसनदेचा. विल्सनबाईंचें विवेचन आम्हांस विशेष मननीय वाटतें. सनदेंतील 'प्रत्येक' या शब्दांत केवळ नागरिकच नव्हे, तर कॅनडाच्या भूमीवर असलेला कोणीही येतो. आणि मनुष्य खरें बोलतो कीं खोटें हाच जेथें मुद्दा, तेथें त्याला समक्ष ऐकल्यावांचून निकाल देणें न्यायाचें नव्हे, असा त्यांचा अभिप्राय पडला. सरकारची सोय व खर्च यांची सबब त्यांनीं पुरेशी मानली नाहीं.

१९८९ पासून तेथें स्वतंत्र मंडळ आहे. २०१२ पासून त्याला अपिलाची शाखाही जोडली गेली. तेथेंही नकार मिळाला तर फेडरल कोर्टाची पायरी उरते. पण त्या पायरीवर चढण्यास आधीं परवानगी मागावी लागते, आणि तीही देशांतील निर्णयाविरुद्ध १५ दिवसांच्या आंत. परवानगी नाकारतांना न्यायाधीश बहुधा कारण देत नाहींत, व त्या नकारावर अपील नाहीं. हें आम्हांस फार खटकतें. दिवाणी दाव्यांत चूक झाली तर पैका परत मिळूं शकतो. छळाच्या भयानें पळालेल्यास माघारी धाडल्यावर चूक उमगून काय उपयोग? परवानगी मिळाली तरी न्यायाधीश स्वतः आश्रय देत नाहींत. निर्णय वाजवी होता कीं नाहीं एवढेंच ते पाहतात, व तो तसा नसल्यास प्रकरण बहुधा दुसऱ्या अधिकाऱ्याकडे फेरनिर्णयासाठीं पाठवितात.

श्रीलंकेच्या एका तामिळ गृहस्थाच्या खटल्यांत २००२ सालीं याच सर्वोच्च न्यायालयानें, जेथें छळ होण्याचा खरा धोका आहे तेथें मनुष्यास सामान्यतः धाडूं नये, असें ठरविलें. मात्र अपवादात्मक प्रसंगाचें दार किंचित् उघडें ठेवलें. १९८४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारांत अशा अपवादाला जागा नाहीं, आणि कॅनडानें त्या करारावर सही केलेली आहे.