हात दमतो तेव्हा जीभ काय करते?

खराब रस्त्यावर रिक्षात बसून मोबाईलवर नंबर लावून पाहा. बोट न्यावं चारावर, तर पडतं सातावर. आपण म्हणतो, हात थरथरला. पण खरी गोम अशी की हात वेगळा हलतो आणि मोबाईल वेगळा. धावताना त्यात दमणूकही येते.

आता जिभेकडे वळू. अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये मेसम घोवनलू आणि सहकाऱ्यांनी ‘टंग ड्राइव्ह’ ही यंत्रणा तयार केली. जिभेवर मसुराच्या दाण्याएवढा लोहचुंबक, डोक्यावरच्या हेडसेटमध्ये सेन्सर. जीभ ठरलेल्या जागी नेली की व्हीलचेअर वळते. धक्का बसला तरी सेन्सर डोक्याबरोबरच हलतात, म्हणजे जीभ आणि सेन्सर यांची संगत सुटत नाही. (डोकं वळलं की पृथ्वीचं चुंबकत्व मधे येतं, ते मात्र वजा करावं लागतं.)

मानेत मज्जारज्जूला इजा झाली की हात जातात, जीभ सहसा राहते. कारण तिला हलवणारा बारावा मज्जातंतू थेट मेंदूच्या बुडातून निघतो, मज्जारज्जूतून जात नाही. अशा माणसांसाठी जुना उपाय म्हणजे नळीतून हवा ओढून-फुंकून खुर्ची चालवणं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हातपाय लुळे झालेले 11 जण होते. नळीपेक्षा जिभेने काम सुमारे तिप्पट वेगाने झालं, अचूकता तेवढीच. आम्हाला वेगापेक्षा दुसरी गोष्ट मोलाची वाटते. या माणसांचे छातीचे स्नायूही दुबळे असतात, लवकर धाप लागते. नळीला त्यांचा श्वासच द्यावा लागतो, जिभेला नाही.

मग जीभ हातापेक्षा सरस का? घाई नको. श्वास जोरात चालला की घसा मोकळा ठेवायला जिभेचे स्नायूही जास्त राबतात. गिळणं आणि बोलणंही तिच्याकडेच. बोलताना ती बहुतेक मधल्या रेषेत हलते, म्हणून आज्ञांच्या जागा बाजूंना ठेवतात. तरी हात जॉयस्टिकवर ठेवून आपण शेजारच्याशी खुशाल भांडू शकतो, जीभवाल्याला ते अवघड.

मेर्लो-पोंतीने 1945 साली आंधळ्याच्या काठीचं उदाहरण दिलं होतं. सवय झाली की काठी वस्तू उरत नाही, स्पर्शच तिच्या टोकाशी जातो. हाताबाबत हे पटतं. जिभेपाशी आम्ही अडतो, कारण तिला आधीच आपलं बोलणं सांभाळायचं असतं. हाताशी तिची तुलना करायचीच, तर माणसाला चढावर, बोलता बोलता खुर्ची चालवू द्यावी. उतारावर मागून येणाऱ्याला ‘अहो, थांबा’ म्हणायचं की आधी खुर्ची थांबवायची, हे त्याला एकाच अवयवाने करायचं असतं.